‘बायॉलॉजी म्हणजे मेडिकलच ना?’



गेल्या गणेशोत्सवात आम्ही, म्हणजे अस्मादिक, मसालेभाताच्या ट्रेमागे उभे होतो. हायस्कूलच्या कॅफेटेरियात आरती नुकतीच संपली होती, रांग थेट दारापर्यंत गेली होती आणि भात पुरतो की नाही या काळजीने आमचा डाव जरा आखडताच चालला होता. अशा वेळी एका काकूंनी कागदी ताट पुढे धरले आणि विचारले, "तुम्ही केमिस्ट्रीत पीएच.डी. केलंय ना? मग आमच्या मुलीला जरा समजवा. प्री-मेड सोडते म्हणते. बुरशीवर रिसर्च करायचाय म्हणे!"

"बुरशी काय, आमच्या फ्रिजमध्ये हवी तेवढी आहे," मागचे एक गृहस्थ म्हणाले आणि रांगेत हशा पिकला. काकू हसल्या नाहीत. मुलगी त्यांच्या मागेच उभी होती, तीही हसली नाही.

रांग खोळंबली होती, म्हणून आम्ही "नंतर बोलू" म्हणून वेळ मारून नेली. पण संध्याकाळी खुर्च्या व्हॅनमध्ये चढवताना ती मुलगी आपणहून मदतीला आली. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. म्हणाली, "काका, आईला वाटतं मी नापास होते म्हणून सोडतेय. मला बायोला ए आहे." (काका म्हणवून घेण्याइतके आमचे वय झालेले नाही, पण तो विषय वेगळा.) तेवढ्यात काकूही आल्या. "एकोणीस वर्षांची आहे. तिशी येईपर्यंत शिकतच राहायचं का? पैसे कोण देणार? आणि डॉक्टर झाली असती तर लोकांच्या उपयोगी तरी पडली असती."

मुलगी क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "मामाच्या वेळी डॉक्टर होते की. औषध नव्हतं."

२०२१ सालच्या कोविडच्या लाटेत काकूंच्या नागपूरच्या भावाला काळ्या बुरशीने, म्हणजे म्युकरमायकोसिसने, गाठले. अँफोटेरिसिन-बी या इंजेक्शनसाठी त्या मे महिन्यात महाराष्ट्रात काय धावाधाव झाली ते आपल्यापैकी अनेकांनी इथून रात्री-अपरात्री फोनवर ऐकले आहे. मामा वाचले, डोळा गेला. काकूंनी पुढे काही विचारले नाही. खुर्ची उचलून व्हॅनमध्ये ठेवली.

त्यानंतरच्या चार महिन्यांत आणखी तीन घरांतून आम्हाला थोड्याफार फरकाने हेच प्रश्न आले. प्रत्येकाला फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाका, असे कार्यकारिणीने फर्मावले. म्हणून हा संक्रांतीच्या अंकातला लेख. आम्ही रसायनवाले, जीवशास्त्रवाले नव्हे, पण गेली बरीच वर्षे त्यांच्याच शेजारी काम करतो, त्यांचे फ्रीझर वापरतो आणि त्यांच्या तक्रारी ऐकतो.

प्रथम त्या गैरसमजाविषयी. आपल्यापैकी बहुतेक पालक महाराष्ट्रात बारावी झालेले. तिथला हिशेब सोपा होता. जीवशास्त्र घेणारा डॉक्टर होणार, गणित घेणारा इंजिनिअर होणार आणि दोन्हीकडे नंबर न लागलेला बी.एस्सी. करणार. त्यामुळे ‘बायॉलॉजीत रिसर्च’ हे शब्द कानावर पडताच आपल्याला आतून ‘नंबर लागला नाही’ असेच ऐकू येते. इथे बारावीनंतर एम.बी.बी.एस. नाही. प्री-मेड ही पदवीही नाही, तो नुसता ठरावीक कोर्सेसचा संच आहे, आणि तो करणारी पुष्कळ मुले बायॉलॉजीच घेतात. म्हणून बायॉलॉजी म्हणजे मेडिकलच्या गाडीची वाट बघण्याचा फलाट, असा समज आणखी पक्का होतो. त्या फलाटावरून दुसऱ्या दिशेलाही गाड्या सुटतात, हे पाटीवर लिहिलेले नसते.

या बाबतीत आम्हाला बडोद्याच्या एका घराची गोष्ट फार आवडते. वडील सयाजीराव विद्यापीठात बायोकेमिस्ट्रीचे प्राध्यापक. मुलाला बडोद्याच्या मेडिकल कॉलेजात प्रवेश मिळाला होता, पण त्याला मूलभूत विज्ञान हवे होते. नॅशनल सायन्स टॅलेंटची शिष्यवृत्ती मिळाली तर मेडिकल सोडायचे, असा वडिलांशी करार झाला. शिष्यवृत्ती मिळाली. मुलगा फिजिक्स शिकला, अमेरिकेत आला, १९७६ साली ओहायो युनिव्हर्सिटीतून फिजिक्सची पीएच.डी. झाला आणि त्याच्या लक्षात आले की आपले मन या विषयात नाही. मग हातात डॉक्टरेट असताना तो सॅन डिएगोला बायॉलॉजीचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी म्हणून पुन्हा वर्गात जाऊन बसला. दोन वर्षांनी तेही सोडून येल विद्यापीठात रायबोसोमच्या कामाला लागला. तिथून प्राध्यापकाच्या नोकरीसाठी पन्नासेक ठिकाणी अर्ज केले, कुठेच काही झाले नाही. हे वेंकी रामकृष्णन. रायबोसोमच्या रचनेसाठी त्यांना २००९ सालचे नोबेल मिळाले, तेही केमिस्ट्रीचे, याचा आम्हाला अंमळ अभिमान आहे.

पण गोष्टीचा आमच्या मते खरा भाग त्यांच्या धाकट्या बहिणीचा आहे. ललिता रामकृष्णन त्याच बडोद्याच्या मेडिकल कॉलेजात गेल्या, डॉक्टर झाल्या आणि मग संशोधनाकडे वळल्या. टफ्ट्समध्ये इम्युनॉलॉजीची पीएच.डी. केली, संसर्गजन्य रोगांचे प्रशिक्षण घेतले. क्षयरोगाचे जंतू शरीरात काय करतात हे त्या झेब्राफिश नावाच्या बोटाएवढ्या माशात पाहतात. त्या माशाची पिल्ले पारदर्शक असतात, त्यामुळे जंतू आणि पेशी यांची झटापट सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत दिसते. एकाच घरातला एकजण मेडिकल सोडून या कामाला आला, दुसरी मेडिकलमधूनच आली. काकूंना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे मेडिकल करूनही हे करता येतं?" येते. एम.डी.-पीएच.डी. असा जोड अभ्यासक्रम इथे आहे, एन.आय.एच. १९६४ पासून त्याला पैसे देते, साधारण आठ वर्षे लागतात आणि अशा अनुदानित जागांवर फी माफ असून वर विद्यावेतन मिळते. जागा मात्र फार थोड्या.

आणि आपल्या मराठी घरांना हे नवीन आहे असेही नाही. दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी कमला सोहोनी केमिस्ट्रीतूनच बायोकेमिस्ट्रीत गेल्या. १९३३ साली बंगलोरच्या इन्स्टिट्यूटमध्ये सर सी. व्ही. रामन यांनी ‘मुलींना प्रवेश नाही’ म्हणून त्यांना परत पाठवले होते. त्या अडून बसल्या, अटींवर आत शिरल्या आणि १९३९ साली केंब्रिजच्या पीएच.डी. झाल्या. बटाट्यात सायटोक्रोम-सी हे प्रथिन शोधल्याबद्दल. बटाटा! तेव्हाही कुणीतरी हसलेच असेल.

बुरशीबद्दल हसणाऱ्या गृहस्थांना आम्ही नंतर एकच विचारले, कोलेस्टेरॉलची गोळी घेता का? घेतात. जपानमध्ये अकिरा एंडो यांनी १९७०च्या दशकात सहा हजारांवर बुरश्या तपासल्या आणि त्यांतल्या एका पेनिसिलियममधून पहिले स्टॅटिन काढले. अमेरिकेत विक्रीला आलेले पहिले स्टॅटिन, १९८७ सालचे लोव्हास्टॅटिन, हेही बुरशीचेच. आजच्या बऱ्याच गोळ्या कारखान्यात पूर्णपणे कृत्रिमरीत्या बनतात, पण वाट त्या बुरशीने दाखवलेली आहे.

आता मुख्य मुद्दा. मुलाला किंवा मुलीला हे काम मानवेल की नाही, हे मार्कांवरून कळत नाही. आमचे स्पष्ट मत आहे की एका सेमिस्टरभर कुठल्यातरी लॅबमध्ये प्रत्यक्ष उभे राहिल्याशिवाय हा निर्णय कुणीच घेऊ नये, ना मुलांनी, ना पालकांनी. वर्गातल्या प्रयोगाचे उत्तर मास्तरांना माहीत असते. लॅबमध्ये कुणालाच माहीत नसते, आणि बहुतेक आठवड्यांत उत्तर मिळतही नाही. काही मुलांना याचाच कंटाळा येतो, काहींना याचीच चटक लागते. दोन्ही प्रकारची मुले हुशार असतात.

आमचेच उदाहरण घ्या. पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षी आम्ही काही संयुगे बनवून शेजारच्या बायॉलॉजीच्या लॅबमध्ये दिली. कॅन्सरच्या पेशींवर टाकली, सगळ्या पेशी मेल्या. तीन दिवस आम्ही जमिनीवर नव्हतो. घरी फोनसुद्धा केला. चौथ्या दिवशी तिथली विद्यार्थिनी म्हणाली, "कंट्रोलच्या पेशीही मेल्या आहेत." ज्यांत आमचे संयुग नव्हतेच, नुसता ते विरघळवायचा डी.एम.एस.ओ. होता, त्याही. द्रावक प्रमाणाबाहेर पडला होता, पेशी त्यानेच मारल्या होत्या. वडिलांना पुन्हा फोन करून हे सांगायला आम्ही दोन आठवडे लावले.

लॅबमध्ये शिरायचे कसे? हे पालकांना ठाऊक नसते आणि मुले सांगत नाहीत. यासाठी जाहिरात फारशी निघत नाही, ओळख लागत नाही, प्रोफेसरांना ई-मेल लिहावी लागते. अस्मादिकांनी एम.एस्सी.ला असताना भारतातून ‘रिस्पेक्टेड सर’ अशी सुरुवात करून एकच मजकूर त्रेचाळीस जणांना पाठवला होता. एक उत्तर आले, तेही ‘मी सर नाही, मॅडम आहे’ असे. तेव्हा थोडक्या जणांना लिहा, पण प्रत्येकाला वेगळे. त्यांचा अलीकडचा एखादा निबंध खरोखर वाचा, निदान प्रस्तावना आणि आकृत्या तरी. त्यातले काय समजले आणि काय विचारावेसे वाटले ते दोन वाक्यांत लिहा. आठवड्याला किती तास देऊ शकता ते सांगा, आठ-दहा तास पुष्कळ झाले. सोबत ट्रान्सक्रिप्ट जोडा. सगळे मिळून दहा ओळींच्या वर नको. दहा दिवसांत उत्तर नाही आले तर एकदा आठवण करा, मग पुढच्या दारी. आणि ही पत्रे आईवडिलांनी लिहू नयेत. ती ओळखू येतात.

काकूंच्या मुलीने ऑक्टोबरमध्ये बारा पत्रे लिहिली. दोन उत्तरे आली, एकीने भेटायला बोलावले. यीस्टवर काम करणारी लॅब आहे. यीस्ट हीही बुरशीच, आणि आपल्या विरजणासारखीच तिची काळजी घ्यावी लागते. वेळच्या वेळी ताज्या खाद्यात हलवली नाही तर रुसते, आणि गावाला जायचे तर कुणाकडे तरी सोपवून जावे लागते. पेशींना शनिवार-रविवार कळत नाहीत.

पहिला महिना तिने प्लेट ओतल्या, टिपांचे डबे भरले आणि ऑटोक्लेव्हची पाळी सांभाळली. काकूंना हे ऐकून धक्का बसला, "एवढी फी भरून भांडीच घासायची?" आम्ही म्हटले, प्लेट कशाची असते माहीत आहे का? अगारची. अगार म्हणजे आपला चायना ग्रास, ज्याचा आपण हलवा करतो. १८८१ साली रॉबर्ट कॉख यांच्या लॅबमधल्या एका डॉक्टरांची जिलेटिनची जेली उन्हाळ्यात वितळून जात होती. त्यांची पत्नी फॅनी हेसे हिने सांगितले, मी जेलीत अगार घालते, ती उन्हातही टिकते. तेव्हापासून आजतागायत जगभर जंतू चायना ग्रासवरच वाढतात. काकूंना ही गोष्ट इतकी आवडली की त्या आता ती आम्हालाच सांगतात.

नोव्हेंबरमध्ये तिच्या प्लेटांवर नको ती हिरवी बुरशी चढली आणि तीन आठवड्यांचे काम कचऱ्यात गेले. रात्री काकूंचा फोन. "रडत होती. सांगू का सोडून दे म्हणून?" आम्ही म्हटले, उद्यापर्यंत थांबा, आणि काही सांगू नका. दुसऱ्या दिवशी ती सकाळी आठला लॅबमध्ये हजर होती, पुन्हा प्लेट ओतायला. आम्हाला विचाराल तर बायोच्या ए पेक्षा आम्ही या सकाळला जास्त मार्क देऊ.

हायस्कूलच्या मुलांसाठी हजारो डॉलर घेऊन ‘रिसर्च अनुभव’ विकणाऱ्या शिबिरांची पत्रके हल्ली घरोघरी येतात. आम्ही त्यावर पैसे घालणार नाही. त्याऐवजी गणित, संख्याशास्त्र आणि थोडे प्रोग्रॅमिंग पक्के करा. आजच्या बायॉलॉजीत प्रयोग आठवडाभराचा असतो आणि त्यातून निघालेले आकडे चाळण्याचे काम महिनाभराचे. ज्या घरात दोन्ही पालक सॉफ्टवेअरमध्ये आहेत त्यांना इथे मुलांना खरी मदत करता येईल.

कॉलेजातल्या मुलांसाठी उन्हाळ्यातला उत्तम मार्ग म्हणजे नॅशनल सायन्स फाउंडेशनचा आर.ई.यू. दुसऱ्या विद्यापीठात साधारण दहा आठवडे काम, विद्यावेतन मिळते आणि बहुतेक ठिकाणी राहण्याची सोयही होते. अर्ज थंडीतच करावे लागतात, बऱ्याच ठिकाणी मुदत जानेवारीअखेर ते मार्च. म्हणजे हा अंक हातात पडेल तेव्हा घाई करायला हवी. २०२५ मध्ये यांतले काही कार्यक्रम पैशाअभावी झाले नाहीत, एन.आय.एच.ने तर आपली उन्हाळी इंटर्नशिप त्या वर्षी रद्दच केली. तेव्हा एकाच ठिकाणी अर्ज करून बसू नका.

आता पैसे. इथे भारताचा अनुभव फसवतो. आधी एम.एस्सी. मग पीएच.डी., असे आपल्या डोक्यात असते, म्हणून कित्येक पालक कर्ज काढून मुलांना मास्टर्सला पाठवतात. बायॉलॉजीत इथे बॅचलर्सनंतर थेट पीएच.डी.ला जाता येते, आणि चांगल्या पीएच.डी.ला पैसे द्यावे लागत नाहीत, मिळतात. फी माफ, आरोग्य विमा आणि वर विद्यावेतन. एन.आय.एच.चा २०२४ सालचा दर पीएच.डी. विद्यार्थ्याला वर्षाला २८,२२४ डॉलर होता. पुष्कळ विद्यापीठे त्यात स्वतःची भर घालतात. पीएच.डी.नंतरच्या पोस्टडॉकच्या पहिल्या वर्षाचा दर ६१,००८ डॉलर होता. यात बंगला होत नाही, पण कर्जही होत नाही. मेडिकलसाठी कर्ज काढणारी मुले बाहेर पडतात तेव्हा डोक्यावर दोन लाख डॉलरच्या आसपास असतात, हे दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा. अर्थात पुढे डॉक्टरचा पगार संशोधकाच्या कितीतरी पट होतो, तेही बघा. आम्ही कुणाची वकिली करत नाही.

प्रवेशाचे अर्ज डिसेंबरच्या सुमारास, मुलाखती जानेवारी-फेब्रुवारीत, उत्तर बहुतेक ठिकाणी १५ एप्रिलपर्यंत द्यायचे. जी.आर.ई. बऱ्याच बायॉलॉजी विभागांनी सोडून दिली आहे. वजन कशाला, तर शिफारसपत्रांना. तीनशे मुलांच्या वर्गात ए देणाऱ्या नामांकित प्राध्यापकाच्या पत्रापेक्षा, हिला बुरशी लागलेल्या प्लेटांनंतर परत आलेली मी पाहिली आहे, असे लिहू शकणाऱ्या माणसाचे पत्र चालते. लगेच प्रवेश नाही मिळाला तर एक-दोन वर्षे लॅबमध्ये पगारी टेक्निशियन म्हणून काम करतात. आपल्याकडे याला ‘वर्ष वाया गेले’ म्हणतात, इथे ती अनुभवाची वर्षे म्हणून मोजली जातात.

पहिल्या वर्षी पुष्कळ ठिकाणी तीन लॅबमध्ये आठ-दहा आठवडे काम करून मग एक निवडतात. ही निवड म्हणजे अक्षरशः स्थळ बघणे आहे. घराण्याच्या नावावर जाऊ नये. आधीचे विद्यार्थी किती वर्षांत बाहेर पडले, आज कुठे आहेत, प्रोफेसर भेटतात का, रागावतात कसे, याची चौकशी तिथून सोडून गेलेल्यांकडे करावी. आमच्या ओळखीच्या एका मुलाने फक्त नाव बघून लॅब निवडली आणि चौथ्या वर्षी दुसरीकडे जाऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

आणि पुढे? इथे गोड बोलणे बरोबर नाही. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षे, नंतर पोस्टडॉकची तीन-पाच. स्वतःच्या नावावर एन.आय.एच.चे पहिले मोठे अनुदान मिळेपर्यंत आज सरासरी चाळिशी ओलांडते. १९८० साली ते वय छत्तिशीच्या आसपास होते. पीएच.डी. झालेल्यांतले थोडेच प्राध्यापक होतात. बाकीचे औषध कंपन्यांत, सरकारी प्रयोगशाळांत, पेटंटच्या कामात, शाळा-कॉलेजांत जातात, आणि त्यांतले बरेच आनंदात असतात. आम्ही त्यांतलेच.

कातालिन कारिको यांची गोष्ट आता सगळ्यांना ठाऊक आहे. १९८५ साली हंगेरीहून नवरा आणि दोन वर्षांच्या मुलीसह त्या अमेरिकेला आल्या, गाडी विकून आलेले ९०० पौंड मुलीच्या टेडी बेअरमध्ये शिवून. आर.एन.ए.च्या मागे लागल्या, अनुदान मिळेना, १९९५ साली विद्यापीठाने पदावनती केली. दोन वर्षांनी फोटोकॉपी मशीनपाशी ड्रू वाइसमन यांची गाठ पडली. दोघांनी आर.एन.ए.मधल्या युरिडिनच्या जागी त्याचा किंचित बदललेला भाऊबंद घातला आणि शरीराचा विरोध मावळला. तो निबंध २००५ चा, नोबेल २०२३ चे, आणि मधल्या काळात आपल्यापैकी अनेकांच्या दंडात गेलेली कोविडची लस. (हा अंक फोटोकॉपी करणारे आमचे स्वयंसेवक मशीनपाशी तासन्‌तास उभे असतात, त्यांना अजून कुणी भेटलेले नाही.) ही गोष्ट चिकाटीची म्हणून मुलांना सांगतात. आम्ही ती सावधगिरीची म्हणूनही वाचतो. इतके बरोबर असूनही माणसाला दहा-वीस वर्षे कुणी विचारत नाही, असे या धंद्यात घडते. २०२५ मध्ये तर सरकारी अनुदाने एकाएकी थांबली, अनेक विद्यापीठांनी पीएच.डी.च्या जागा कमी केल्या, काहींनी दिलेले प्रवेशही मागे घेतले. तेव्हा मुलीला ‘तुझं तू बघ’ म्हणण्यापेक्षा, तेराव्या वर्षीसारखी नव्हे पण तेविसाव्या वर्षीही घरची खोली आणि जेवण आहे, एवढे सांगून ठेवावे. आमच्या वडिलांनी आम्हाला फक्त तेवढेच सांगितले होते.

एक गोष्ट लिहिताना जड जाते. ऑक्टोबरमध्ये एका वडिलांचा फोन आला. मुलगा कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला, चौथ्या वर्षाचा असल्यापासून या देशात, अजून एच-४ वर. ग्रीन कार्डच्या रांगेत घर बसलेले आहे, आणि रांग भारतात जन्मलेल्यांची, म्हणजे काय ते आपल्याला सांगायला नको. त्याने आर.ई.यू.चा फॉर्म भरायला घेतला आणि पहिल्याच पानावर नागरिक की ग्रीन कार्डधारक, हा प्रश्न आला. त्याने फॉर्म बंद केला. एकवीस पूर्ण होताच तो पालकांच्या व्हिसावरून उतरणार आणि स्वतःच्या एफ-१ वर जाणार. ही अट त्या मुलाच्या हुशारीशी संबंधित नाही, हे त्याला कुणीतरी मोठ्याने सांगायला हवे. आम्ही सांगितले.

वाटा अरुंद आहेत, बंद नाहीत. स्वतःच्या विद्यापीठाचे काही निधी सर्वांना खुले असतात. कोर्सच्या क्रेडिटसाठी लॅबमध्ये काम करता येते. एफ-१ झाल्यावर सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांपर्यंत कॅम्पसवर पगारी काम चालते. पीएच.डी.ला एन.आय.एच.ची प्रशिक्षण अनुदाने या मुलांना मिळत नाहीत, पण प्रोफेसरांच्या संशोधन अनुदानातून किंवा शिकवण्याच्या कामातून विद्यापीठे परदेशी विद्यार्थ्यांना पैसे देतात. आम्ही स्वतः असेच शिकलो. म्हणून अर्ज करण्याआधी विभागाला सरळ विचारावे, तुम्ही परदेशी विद्यार्थ्यांना कुठल्या पैशातून ठेवता? मात्र एच-४ वर असताना ‘फुकट काम करतो’ म्हणून लॅबमध्ये शिरण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयात आणि वकिलाकडे चौकशी करा. नियम वरचेवर बदलतात आणि यात चूक महागात पडते. त्या मुलाला त्याच्याच विभागात क्रेडिटवर जागा मिळाली आहे, माशांच्या लॅबमध्ये. तेच ते झेब्राफिश.

काकूंच्या मुलीने ऑरगॅनिक केमिस्ट्रीचा दुसरा कोर्स ठेवला आहे, तेव्हा मेडिकलचे दारही तूर्त उघडे आहे. त्यावरून घरात रोज चर्चा होते, असे कळते. नागपूरचे मामा व्हॉट्सॅपवर तिच्याकडे प्लेटांचे फोटो मागतात.

तिळगुळाच्या कार्यक्रमाला चपलांच्या कपाटाशेजारी एक टेबल मांडणार आहोत. दुपारी दोन ते चार आम्ही तिथे असू, काकूंची मुलगी आणि तो माशांच्या लॅबमधला मुलगाही असतील. ज्यांना ई-मेल लिहायची आहे त्यांनी मसुदा छापून आणावा, लाल पेन आमच्याकडे आहे. पालकांनी वेगळे बसायचे आहे, त्यांच्यासाठी पलीकडे चहा ठेवला आहे. गुळाच्या पोळ्या काकू आणणार आहेत.